रत्नागिरी शहरातच दोन रात्री राहिलं तर? (आई आणि लेकासोबत)

निळी_छत्री:
नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत शनिवार-रविवार आणि सोमवारची एक रजा असं जुळवून रत्नागिरीला जायचं डोक्यात आहे. मी, माझी आई (वय ६८, गुडघे दुखतात, जिने फार नकोत) आणि लेक (वय ९, एका जागी बसत नाही). नवरा त्या आठवड्यात बाहेरगावी आहे त्यामुळे आम्ही तिघंच. राहायला ठाण्यात, गाडी मी चालवते पण एकटीने सलग इतकं नको वाटतं, म्हणून ट्रेन.
प्रश्न असा की ज्याला विचारावं तो म्हणतो रत्नागिरीत कशाला राहतेस, स्टेशनवर उतर आणि थेट गणपतीपुळे गाठ, शहरात काही नाही. खरंच काही नाही का? मला शहरातच राहायचंय. दोन दिवस पुरेल इतकं आहे का, आईला झेपेल असं काय आणि पोराला कंटाळा येणार नाही असं काय, ते सांगा. बुकिंग याच आठवड्यात करायचंय.

चहाबाज:
जाऊन या, मस्त आहे. बाकीचं जाणकार सांगतीलच. मी वाचायला बसलोय.

अर्धवट_नकाशा:
स्पष्ट सांगतो, राग मानू नका. मी तीनदा गेलोय आणि तिन्ही वेळा गणपतीपुळ्यालाच राहिलो. समोर समुद्र, शेजारी देऊळ, मालगुंड दोन पावलांवर. शहर म्हणजे स्टँडची गर्दी, वन वे, पार्किंगची बोंब. शहर बघायला अर्धा दिवस रग्गड होतो. आई आहेत तर पुळ्याला खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसेल, आणखी काय पाहिजे?

खारवारा:
@अर्धवट_नकाशा तीनदा येऊन गेलात आणि शहरात अर्धा दिवस काढलात, मग शहरात काही नाही हे कसं ठरवलंत हो?
ताई, मी रत्नागिरीतलाच, झाडगावात घर आहे. आमच्याकडे पाहुणे येतात आणि दोन दिवसात गणपतीपुळे, पावस, जयगड, मार्लेश्वर सगळं उरकायला बघतात, रात्री जेवायला बसले की डोळे मिटायला लागलेले असतात. शहरात निवांत राहून बघण्यासारखं पुष्कळ आहे. लिहितो सविस्तर, आत्ता कामावर आहे.

भुकेला_कावळा:
फेब्रुवारी म्हणजे ओले काजू सुरू व्हायचा काळ. मिळाले तर उसळ सोडू नका. सध्या एवढंच, तोंडाला पाणी सुटलं.

रूळावरचा:
ट्रेनचं मी सांगतो. तिकीट आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीचे १२० दिवस १ नोव्हेंबर २०२४ पासून गेले, त्यामुळे फेब्रुवारीतल्या शनिवारचं आजच बघा, शनिवारची सकाळ पटकन भरते.
दोन पर्याय. एक, शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या, ती पहाटे अंधारात रत्नागिरीला टाकते. ऐकायला छान वाटतं, एक दिवस वाचला वगैरे, पण पहाटे पोचून खोली मिळते दुपारी. आईंना घेऊन मधले सहा तास कुठे काढणार? त्यापेक्षा दुसरा पर्याय, शनिवारी सकाळची जनशताब्दी. ठाण्याला पहाटे सहाच्या आसपास येते आणि साडेदहा-अकरापर्यंत रत्नागिरी. बसून प्रवास, चढ-उतार नाही, पोराला खिडकी. वंदे भारतही रत्नागिरीला थांबते, ती परवडत असेल तर आणखी लवकर.
स्टेशन शहरात नाही हे लक्षात असू द्या, कुवारबावला आहे, गावापासून सहा-सात किलोमीटर. बाहेर रिक्षा असतात, बसायच्या आधी भाडं ठरवून घ्या.

चहाबाज:
पोराला पानवलचा पूल दाखवा! कोकण रेल्वेवरचा सगळ्यात उंच, ६४ मीटर. खिडकीला नाक लावून बसेल.

रूळावरचा:
@चहाबाज पूल खरा आणि उंचीही खरी, पण तो रत्नागिरीच्या पुढे आहे, निवसरच्या बाजूला. ठाण्याहून जाताना लागत नाही. मात्र हळहळू नका, अलीकडे करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात लांब. पोराला म्हणावं घड्याळ लावून बस किती मिनिटं अंधार होता ते. आणि बोगदा संपला की भोके, मग रत्नागिरी, म्हणजे बॅगा खाली काढायला तीच खूण. मी लहानपणापासून तसंच करतो. २६ जानेवारी १९९८ ला अख्खा मार्ग सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो आणि त्या मे महिन्यात पहिल्यांदा मुंबईहून आजोळी सरळ रेल्वेने गेलो, त्याआधी एसटीत रात्रभर उलट्या. आमच्या घराने त्या रेल्वेला अक्षरशः नमस्कार केला होता.

निळी_छत्री:
किती छान माहिती! जनशताब्दी बघते. पहाटे पोचून खोली नाही हा विचारच केला नव्हता.
खारवारा, वाट बघतेय. तोवर माझा कच्चा बेत टाकते. शनिवार भाट्ये आणि किल्ला. रविवार गणपतीपुळे-मालगुंड-जयगड. सोमवार सकाळी थिबा पॅलेस आणि टिळकांचं घर, मग ट्रेन.

खारवारा:
आलो. सर्वात आधी, ताई, सोमवारी थिबा पॅलेस ठेवू नका. आत वस्तुसंग्रहालय आहे ते सोमवारी बंद. दर आठवड्याला कुणीतरी फाटकावरून परत जाताना दिसतं, वाईट वाटतं.
आता शहर. थिबा राजाची गोष्ट पोराला आधी सांगून ठेवा, मग तिथे पाय ठेवल्यावर त्याला अर्थ कळेल. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. इंग्रजांनी १८८५ साली राज्य घेतलं, आधी मद्रास आणि १८८६ पासून रत्नागिरी. राजवाडा बांधून झाला १९१० ला आणि राजा वारला १९१६ ला. म्हणजे तीस वर्षं इथे काढली आणि त्यातली सहाच या वाड्यात. बाकी वर्षं बंगल्यांमध्ये. आम्ही लहानपणी तिथे लपाछपी खेळलोय तेव्हा हे काही माहीत नव्हतं, मोठा झाल्यावर कळलं आणि मग त्या गॅलरीत उभं राहिलं की वेगळंच वाटायला लागलं. राजाची थोरली मुलगी पुढे रत्नागिरीतच राहिली आणि तिची मुलगी तर मराठी बोलतच म्हातारी झाली. समाधी शिवाजीनगरला आहे, तिकडे फारसं कुणी जात नाही. २०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष तिथे येऊन गेले. जवळच थिबा पॉईंट, तिथून भाट्याची खाडी दिसते, काजळी नदी समुद्राला मिळते ती जागा. आईंना बसून बघता येईल.
टिळक आळीतलं घर, २३ जुलै १८५६ चा जन्म, छोटं कौलारू घर आहे, तासभर पुरतो. तिथून जवळ पतितपावन मंदिर, १९३१ चं. सावरकर स्थानबद्ध होते इथे १९२४ ते १९३७, त्यांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीरांच्या पैशाने उभं राहिलं, सगळ्या जातींना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश. त्या काळात हे केवढं मोठं होतं ते पोराला सांगा.
किल्ला म्हणजे रत्नदुर्ग, आम्ही भगवतीचा किल्लाच म्हणतो. गाडी बरीच वर जाते, तिथून थोडं चढायचं. तीन बाजूंनी समुद्र. आईंना जमलं तर देवळापर्यंत, नाही तर खालीच बसून मिरकरवाड्याच्या होड्या बघत बसा, तेही कमी नाही.
एवढ्यात दीड दिवस गेला की.

अर्धवट_नकाशा:
बरं, थिबा राजाचं एवढं मला माहीत नव्हतं, समाधीही बघितली नाही. पण नऊ वर्षाच्या पोराला पॅलेस, घर, मंदिर, समाधी असं लागोपाठ दाखवलं तर ते दुसऱ्या दिवशी खोलीतून हलणार नाही. त्याला पाणी लागतं. आणि पाण्यासाठी पुळेच.

ओली_वाळू:
पाण्याचा विषय निघाला म्हणून लिहितेय, जरा लांबेल.
गणपतीपुळ्याचा समुद्र दिसायला जितका देखणा आहे तितकाच फसवा आहे. माझ्या कॉलेजच्या ग्रुपमधला एक मुलगा तिथे बुडून गेला. चांगला पोहणारा होता. गुडघाभर पाण्यात उभे होतो सगळे, तो थोडा पुढे होता, आणि दोन मिनिटांत अंतर वाढत गेलं. तो हात करत होता, आम्हाला वाटलं बोलावतोय. वीस वर्षं होतील आता, मी अजून ते कुणाला नीट सांगू शकत नाही.
नंतर मी वाचून वाचून समजून घेतलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, त्यामुळे आजूबाजूला फेस आणि मधेच एक शांत गुळगुळीत पट्टा दिसतो. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो कारण तिथे पाणी शांत वाटतं. त्यात अडकलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजायचं नाही, माणूस दमतो आणि मग संपतं. किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचं, ओढ सुटली की मग किनाऱ्याकडे यायचं, ते जमत नसेल तर तरंगत राहायचं आणि हात वर करायचा. आणि कुणी हात वर करत असेल तर तो बोलावतोय असं कधीही समजू नका.
ताई, पोराला पाण्यात नेऊ नका असं म्हणत नाही. घोट्याच्या वर नको, ओहोटी लागलेली असताना नको, आणि तुम्ही त्याच्या आणि समुद्राच्या मधे उभ्या राहा, मागे नाही. गावातला माणूस किंवा जीवरक्षक नको म्हणाला तर वाद घालायचा नाही.

खारवारा:
@ओली_वाळू वाचून हात थांबले. तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. आमच्या भाट्यालाही हेच लागू आहे, खाडीच्या तोंडाजवळ तर अजिबातच नको.

चहाबाज:
ताई, तुमचा प्रतिसाद घरच्या ग्रुपवर पाठवू का? आमची दोन पोरं मार्चमध्ये तिकडेच चाललीत.

ओली_वाळू:
जरूर पाठवा.

गडगा:
उशिरा आलो. मी निवृत्त माणूस, जन्म मिऱ्याचा, आता पुण्यात. भरती-ओहोटीची एक सोपी गोष्ट सांगतो, आमच्याकडे पोराटोरांना पाठ असते. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पंधरा दिवसांनी परत पहिल्यापासून. पूर्ण भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने, जरा जास्तच, पुढे सरकते, म्हणून तर पाऊणपट. हिशोब ढोबळ आहे हं, आणि रत्नागिरीला मुंबईच्या मानाने भरती जराशी आधी येते. नेमकी वेळ हवी तर भरतीचं वेळापत्रक बघावं. पण कालनिर्णय भिंतीवर असलं की मोबाईल लागत नाही.
तुम्ही जाणार त्या शनिवारी तिथी कोणती?

निळी_छत्री:
काका, हे भन्नाट आहे. बघून सांगते... शनिवारी वद्य द्वितीया, रविवारी तृतीया.

गडगा:
म्हणजे शनिवारी भरती दीडच्या आत, एक धरा. ओहोटी संध्याकाळी सातच्या आसपास. पौर्णिमा नुकतीच झालेली म्हणजे उधाणाचे दिवस, पाणी दुपारी खूप वर येणार आणि संध्याकाळी तितकंच लांब जाणार. सूर्यास्त साडेसहाच्या पुढे. त्या वेळी भाट्याला पुळण एवढी रुंद मिळेल की पोरगं धावून दमेल. पण वरच्या ताईंनी सांगितलं ते विसरू नका, त्या वेळी पाणी आत ओढणारं असतं. पळायचं, शंख-शिंपले गोळा करायचे, खेकड्यांची भोकं बघायची, पाण्यात नाही. आणि सूर्य बुडाला की लगेच उठू नका, तासाभरात मागच्या बाजूने, सुरूच्या झाडांवरून चंद्र वर येईल.

सड्यावरची:
काका!! मी कोकणात नांदते दहा वर्षं आणि मला हे सासरी कुणी सांगितलं नाही. सासऱ्यांना आत्ता विचारलं तर म्हणतात त्यात काय सांगायचं, ते तर सगळ्यांना माहीत असतं. :)
ताई, पोरासाठी माझ्याकडून एक. कातळशिल्पं. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी कोरून ठेवलेले हत्ती, मासे, माणसं. उक्षीला हत्ती आहे. तिकडे कशेळीला तर एवढा मोठा हत्ती आहे की त्याच्या अंगातच बाकीचे प्राणी कोरलेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आलीयत ही दोन्ही. दोन्ही ठिकाणी एका दिवसात नका जाऊ, एक निवडा. सकाळी नऊच्या आत, नंतर कातळ तापतो. चित्रावर पाय द्यायचा नाही, कडेने फिरायचं. माझ्या मुलाने आल्यावर अंगणात खडूने हत्ती काढला, तो पावसापर्यंत होता.

भुकेला_कावळा:
खाण्याचं कुणी बोलेना म्हणून परत आलो. आई मासे खातात का? खात असतील तर फेब्रुवारीला तोड नाही, हवा निवळलेली, होड्या रोज जातात. (जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा येणारे बिचारे बर्फातला मासा खाऊन जातात.) सुरमई-पापलेट तर ठाण्यातही मिळतं, तिथे जाऊन बांगडा, सौंदाळे, मुळे असं खा. छोट्या घरगुती खानावळीत सकाळीच फोन करून सांगायचं, आम्ही तिघं येतोय, एक जण तिखट कमी. शाकाहारी असतील तर ओल्या काजूची उसळ, घावणे, आणि सोलकढी दोघांनाही. हापूस मात्र मागू नका, तेव्हा झाडावर मोहर आणि कैरी. त्या दिवसात पेटीचा आग्रह कुणी केलाच तर विचार करून घ्या.

चहाबाज:
मुळे म्हणजे?

भुकेला_कावळा:
तिसऱ्या हो.

सड्यावरची:
आमच्याकडे दोन्ही शब्द चालतात. सासूबाई मुळे म्हणतात, जाऊ मालवणची, ती तिसऱ्या म्हणते, मी शिंपल्या. स्वयंपाकघरात रोज एक अर्थ तीनदा सांगावा लागतो.

निळी_छत्री:
सगळ्यांचे मनापासून आभार. आता एक गोष्ट सांगते जी पहिल्या पोस्टमध्ये लिहिली नाही, कारण मला वाटलं त्याचा प्लॅनिंगशी काय संबंध.
मला शहरातच राहायचंय त्याचं कारण आई आहे. माझे आजोबा सरकारी नोकरीत होते, त्यांची बदली रत्नागिरीला झाली होती. आई चौथीपर्यंत तिथे शिकली. मग बदली झाली आणि नंतर ती कधीच गेली नाही. लग्न, माझ्या बाबांचं आजारपण, एकेक करत राहून गेलं. गेल्या महिन्यात लेकाच्या भूगोलाच्या पुस्तकात बंदरांची यादी होती तेव्हा ती एकदम म्हणाली, आम्ही मुंबईहून बोटीने यायचो, मला बोट लागायची, आई लिंबू धरायला द्यायची हातात. एवढं बोलली आणि भाजी निवडत बसली. मला हे माहीतच नव्हतं. ४१ वर्षांची मी, आणि माझी आई बोटीने रत्नागिरीला जायची हे मला लेकाच्या पुस्तकामुळे कळलं.
घर कुठे होतं ते तिला नीट आठवत नाही. विहीर होती, जांभ्याचे चिरे, मागे फणस, आणि शाळेतून येताना समुद्राचा आवाज यायचा म्हणते. एवढ्यावरून सापडणार नाही हे कळतं. पण तिला तिथे न्यायचंय.

ओली_वाळू:
न्या हो. बाकी सगळं राहू दे.

गडगा:
ताई, तुमची आई आणि मी एका वयाचे. तेव्हा बोट थेट धक्क्याला लागत नसे. बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि तिथून माणसं लहान होड्यांत उतरून किनाऱ्यावर. बोट हलतेय, होडी हलतेय आणि मधेच खलाशी पोरांना उचलून एकाकडून दुसऱ्याकडे देतोय, मला आजही त्याचे हात आठवतात. पावसाळ्यात बोटी बंद, मग घाटातून एसटी. हे सगळं मांडवीला. तुम्ही आईंना मांडवीच्या जेट्टीवर न्या. काळी वाळू आहे तिथली. घर सापडो न सापडो, ती जागा त्यांना ओळखू येईल. तिथे गडबड करू नका, बसू द्या.

खारवारा:
ताई, काकांना पूर्ण अनुमोदन. शाळेत चालत जाताना समुद्राचा आवाज म्हणजे मांडवी, पेठकिल्ला किंवा मुरुगवाड्याच्या बाजूचं घर असू शकतं, आमच्या झाडगावातही येतो. त्या गल्ल्यांमधून रिक्षाने हळूहळू फिरवा, ओळखीचा रिक्षावाला देतो, वयस्कर आहे, जुनी घरं कुणाची ते त्याला माहीत असतं. नंबर निरोपातून कळवतो, इथे नको. शाळेचं नाव आठवतं का विचारा. प्राथमिक शाळा जुन्या आहेत, काही अजून चालू आहेत, आणि शाळा सापडली तर घराचा रस्ता पायाला आठवतो.
आणि पोरासाठी पेठकिल्ल्याकडे मत्स्यालय आहे, आत देवमाशाचा अख्खा सांगाडा. ते जवळच पडेल, म्हणजे आजी रमल्या तरी पोरगं कंटाळणार नाही.

अर्धवट_नकाशा:
निळी_छत्री, मी माझं मत मागे घेतो. गणपतीपुळे कुठे पळून जात नाही. फक्त एक करा, एका सकाळी आरे-वारेच्या रस्त्याने जाऊन या, अर्ध्या तासावर आहे, वळणावर वरून दोन्ही किनारे दिसतात, गाडीतूनच बघता येतं, आईंना उतरायचीही गरज नाही. पुढे पुळ्याला दर्शन घेऊन जेवायला परत शहरात. मालगुंडला केशवसुतांचं घर आहे (जन्म १८६६, घर कौलारू, आईंना आवडेल असं वाटतं). पण त्यासाठी जयगडवर काट मारावी लागेल. मी गेल्या वेळी जयगड धरलं आणि केशवसुत सोडले, अजून चुटपुट लागते.

निळी_छत्री:
ठरलं! तिकिटं मिळाली, जातानाची जनशताब्दी, येतानाची सोमवारची. खोली तळमजल्यावरची मागून घेतली. नवा बेत:
शनिवारी अकराला पोचून जेवण, दुपारी विश्रांती (भरती आहे तोवर), चारला थिबा पॅलेस आणि पॉईंट, तिथून भाट्ये, चंद्र येईपर्यंत. रविवारी सकाळी रिक्षाने मांडवी, पेठकिल्ला, शाळा, मत्स्यालय, वेळ ठरवलेली नाही, आई म्हणेल तेवढा. संध्याकाळी जमलं तर भगवतीच्या किल्ल्यावर. सोमवारी सकाळी टिळक आळी आणि पतितपावन, मग स्टेशन. आरे-वारे आणि कातळशिल्पं यातलं एकच बसतंय आणि तेही कदाचित नाही. सड्यावरची, सॉरी. लेक हत्तीसाठी रुसलाय.

सड्यावरची:
अहो सॉरी काय. हत्ती हजारो वर्षं थांबलाय, मे महिन्यापर्यंत थांबेल. तेव्हा आमच्याकडेच उतरा.

रूळावरचा:
रत्नागिरीहून परतताना बोगदा उलट्या बाजूने. पोराला दोन्ही वेळची मिनिटं लिहून आणायला सांगा, मला हवीयत.

(पाच आठवड्यांनी)

निळी_छत्री:
जाऊन आलो. उशीर झाला लिहायला, आईला सर्दी झाली होती, आता बरी आहे.
शाळा सापडली. घर नाही. रिक्षावाल्या काकांनी तीन ठिकाणी थांबवलं, एका ठिकाणी विहीर होती पण आई म्हणाली ही नाही, आमच्या विहिरीला रहाट डाव्या हाताला होता. शाळेला रविवारची सुट्टी, फाटक बंद, ती फाटकाला धरून उभी राहिली आणि आतल्या झाडाकडे बघून म्हणाली हे तेव्हा माझ्याएवढं होतं. मग स्वतःच म्हणाली, चला मांडवीला.
जेट्टीवर ती तासभर बसली. लेक शेजारी. मी मुद्दाम जरा लांब बसले. ती त्याला सांगत होती बोट कुठे उभी राहायची, होडीत कसं उतरवायचे, खलाशाने एकदा तिला उचललं तेव्हा तिची एक चप्पल पाण्यात पडली आणि ती किनाऱ्यापर्यंत रडली. लेकाने विचारलं मग दुसरी चप्पल कुठेय? ती इतकी हसली की बाजूची माणसं बघायला लागली. आईला असं हसताना मी बाबा गेल्यापासून पाहिलं नव्हतं.
थिबा पॅलेसमध्ये पण गंमत झाली. मला वाटलं होतं आई कंटाळेल, ती वरच्या गॅलरीत थांबली आणि म्हणाली, याला तरी परत कुठे जाता आलं.
किल्ला राहिला. आरे-वारे राहिलं. ओल्या काजूची उसळ दोनदा खाल्ली. मुळे आईने तिथल्यासारखेच मागितले, शब्द तिला आठवत होता!
ओली_वाळू, भाट्याला मी पूर्ण वेळ त्याच्या आणि पाण्याच्या मधे उभी होते.

ओली_वाळू:
वाचलं. खूप बरं वाटलं.

खारवारा:
रहाट डाव्या हाताला. ताई, मी विचारून बघतो, आमच्या आळीत म्हातारी माणसं आहेत अजून. काही कळलं तर निरोप करतो.

गडगा:
रविवारी तृतीया. किती वाजता होतात जेट्टीवर? पाणी कसं होतं?

निळी_छत्री:
काका, साडेअकरा ते साडेबारा. चढतं होतं. लेकाने त्याच्या वहीत लिहिलंय, "आज्जीची बोट इथपर्यंत आली असती." खाली बोगद्याची मिनिटं पण आहेत, रूळावरचा यांना निरोपातून पाठवते.